केबलचं दुसरं टोक

“समोरनं बघून जोडलीस का मागनं?” बाबांनी विचारलं.

मी सोल्डरिंगची गन स्टँडवर ठेवली आणि कनेक्टर उलटा करून त्याच्या पाठीवर बोट टेकवलं.

“मागनं. नक्की? न्हाईतर परत आरशातली केबल व्हायची.”

ते हसले, मीही हसले. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक. गोल कनेक्टरमध्ये पिना चक्रासारख्या बसवलेल्या असतात. तोंडाकडून पाहिलं तर त्यांची अक्षरं उजवीकडे वळत जातात. पाठीकडून, म्हणजे जिथं तारा जोडायच्या तिथून पाहिलं, तर डावीकडे. एक टोक असं आणि दुसरं तसं पाहून जोडलं, की प्रत्येक तार घट्ट बसलेली दिसते आणि जवळजवळ एकही आपल्या घरी नसते. शाळेत असताना मी केलेली पहिली केबल तशीच झाली होती. बाबांनी ती कापली नाही. दाराजवळच्या खिळ्याला टांगली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, “ही आमच्या पद्माची. आरशात धरून लावायची असती.”

उद्यमनगरातल्या एका बोळात आमचं दुकान होतं. एका बाजूला दस्तगीर मुजावरांचं मोटार वायंडिंग, दुसऱ्या बाजूला कायम बंद असलेलं एक गोदाम. बाबा जुन्या मशीनच्या केबली करायचे. ज्यांच्या कंपन्या केव्हाच बुडाल्या, पण ज्यांची चाकं अजून फिरत होती, अशी मशीनं. त्यांचे कनेक्टर नवे मिळत नाहीत. बाबा ते जुन्या बाजारातून, भंगारातून, कधी एखाद्या मोडलेल्या रडारच्या सांगाड्यातून शोधून आणायचे, रॉकेलमध्ये भिजत घालायचे आणि टूथब्रशनं घासत बसायचे.

मी दिवसभर एका छापखान्यासाठी मुद्रितं तपासायची. बिनआवाजाचं काम. संध्याकाळी त्यांनी बोलावलं की दुकानात जायची.

त्या दिवशीची केबल मगदूमांची होती. शिरोलीला त्यांचा कारखाना. त्यांच्या जर्मन लेथची मुख्य केबल उंदरांनी कुरतडली होती आणि मशीन बंद पडलं होतं. एकोणीस पिनांचे दोन कनेक्टर बाबांनी कुठूनतरी मिळवले होते. एक टोक त्यांनी केलं, मला सुट्टी होती म्हणून दुसरं सकाळपासून मी करत होते.

दुपारी मगदूम स्वतःच आले. दारातूनच ओरडले, “काय ओ हेरवाडे, आमचं जर्मन म्हातारं कधी उठवताय?”

“उठतंय की. चहा घ्या आधी.”

“चहा किती पाजताय? पोरं नुसती बसून हायत. काल एकानं त्या लेथवर गव्हाचं पोतं ठेवलं.”

“मग दळून द्या,” बाबा म्हणाले.

मगदूम हसले आणि माझ्याकडे वळले. “काय पद्माताई, तुम्ही तरी सांगा खरं. कधी होणार?”

मला सांगायचं होतं, परवा. पण प आला की माझे ओठ मिटतात आणि उघडत नाहीत. प, ब, ट, ड, सगळ्या तशाच भिंती. माझं स्वतःचं नाव पद्मजा, त्यामुळे फोन उचलला तर मी पहिल्या अक्षरालाच संपते. मी वाट वळवली. “उ-उद्या रात्री त-तपासून...” आणि तिथं अडकले.

मगदूम छताकडे बघायला लागले. लोक छताकडे बघतात, नाहीतर घड्याळाकडे. आई तिथं असती तर तिनं माझं वाक्य केव्हाच पुरं करून टाकलं असतं. ती लहानपणापासून माझी वाक्यं पुरी करत आली होती, चालताना पडणाऱ्या मुलाला उचलावं तशी. बाबा मात्र तारांवर चढवायच्या स्लीव्हचे तुकडे कापत राहिले. वर पाहिलं नाही. तुकडे कापले, रांगेत मांडले.

“...मग सकाळी,” मी म्हटलं.

“बघा,” बाबा मगदूमांना म्हणाले, “मालकीणबाईंनी तारीख दिली. परवा सकाळी तुमचं मशीन फिरंल. शब्द माझा.”

एक गोष्ट इथंच सांगते. मी त्यांना कधी “बाबा” अशी हाक मारली नव्हती. लिहिताना हा शब्द मला कधीच अडला नाही. तोंडानं मात्र तो दोन भिंतींचा शब्द, एक ओलांडली की लगेच दुसरी. लहानपणी बऱ्याचदा प्रयत्न केला असेल, मग सोडून दिला. मी टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची. ते वळायचे. टेबल नसेल तर खांद्यावर, पाठीवर, दारावर. त्यांनी कधी विचारलं नाही, की हाक का मारत नाहीस. दोन टकटकींना ते माणसाच्या हाकेसारखीच ओ द्यायचे, “काय गं?”

संध्याकाळी माझं टोक पुरं झालं. मग केबल तपासायची. त्याची आमची एक रीत होती. अख्खी केबल दारापासून मागच्या ग्राइंडरपर्यंत सरळ जमिनीवर पसरायची, तिच्या सोबतीला परतीची एक सुटी तार. बाबा दाराशी बॅटरी घेऊन बसायचे, मी मागं टॉर्चचा एक छोटा बल्ब घेऊन. ते पिनेचं अक्षर पुकारून तिला बॅटरीची तार लावायचे. मी माझ्या टोकाच्या त्याच अक्षराला बल्बची तार लावायची. दिवा लागला तर तार बरोबर. त्यांना तिथून एवढासा दिवा लागलेला दिसायचा नाही, म्हणून मला सांगावं लागायचं.

“ए.”

“लागला.”

“बी.”

“लागला.”

मी पहिल्यांदा ते टोक धरलं तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, “दिवा दिसला की म्हणायचं, पेटला.” मी प वर अडकले. ते थोडं थांबून म्हणाले, “अरे चुकलो. चूल पेटती. दिवा लागतो. लागला म्हण.” ल मला यायचा.

या कनेक्टरांवर आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात; एक आणि शून्याशी घोटाळा होतो म्हणून. मी एबीसीडी दुकानातच शिकले, त्यामुळे शाळेत पाटीवर ती तीन अक्षरं गाळूनच लिहिली होती. बाईंनी पाटी घरी पाठवली. बाबांनी ती दस्तगीरचाचांना दाखवली. “बघ, पोरगी मिलिटरी एबीसीडी शिकली.”

एकदा मी त्यांना विचारलं होतं, तुकड्या-तुकड्यानं, की केबल गुंडाळून टेबलावर घेतली तर चालत नाही का. ते गंभीरपणे म्हणाले, “छ्या. गुंडाळलेली केबल खोटं बोलती. सरळ पसरूनच विचारायचं असतं तिला.”

मला ते वाक्य आवडलं. मी ते मनात जपून ठेवलं होतं, पुस्तकातलं एखादं ठेवते तसं.

त्या संध्याकाळी मी सवयीनं मागं जायला निघाले तर ते आधीच उठले होते. त्यांनी बल्ब उचलला.

“आज तू तिकडं बस. तू बोल. मी लागला म्हणतो.”

मी मान हलवली.

“न्हाई का? कधीतरी मला पण लागला म्हणू दे की. किती वर्षं नुसतं एबीसीडी म्हणतोय.”

ते मागं जाऊन माझ्या स्टुलावर बसले. मी दाराशी बसले. बॅटरीची तार हातात घेतली.

“ए,” मी म्हटलं.

“लागला!” ते लहान मुलासारखे ओरडले.

मग बी. ओठ मिटले. बाहेरून एक टेम्पो गेला. दस्तगीरचाचांकडं वायंडिंगचं मशीन घरघरत होतं. बाबा तिकडं बल्ब धरून बसले होते. मला ते दिसत होते. ते बल्बकडे पाहत होते, माझ्याकडे नाही. जणू उशीर झाला असेल तर तो बल्बाला झालाय.

मी तार खाली ठेवली.

“राहू दे,” ते म्हणाले. “उद्या. केबल कुठं पळून चाललीय?”

त्यांनी बल्ब स्टुलावर ठेवला. मी केबल गोळा करायला वाकले तर म्हणाले, “पसरलेलीच असू दे. सकाळी आल्या आल्या करू.” आम्ही शटर ओढलं. वाटेत त्यांनी भडंगाचा पुडा घेतला आणि स्कूटर चालवता चालवताच फोडला. मला मागं बसून एक हात पुढं करावा लागला.

“उद्या तूच बोलायचं हां,” ते वाऱ्यात मोठ्यानं म्हणाले.

मी त्यांच्या पाठीवर दोनदा बोट टेकवलं.

सकाळी नळाला पाणी आलं होतं. बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसले. आईला वाटलं, चप्पल शोधतायत. ती म्हणाली, “अहो, घागर भरून वाहायला लागली.” त्यांनी घागर बाजूला घेतली नाही. तिनं पुन्हा म्हटलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा ते चौकटीला डोकं टेकून होते आणि पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं. मी चौकटीवर दोनदा वाजवलं. मग दारावर. मग त्यांच्या खांद्यावर.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि मला बोलावं लागलं नाही. दुःखात गप्प बसणाऱ्या मुलीला कुणी काही विचारत नाही. फोन आई घ्यायची.

एक दिवस मगदूम आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. बाबांनी त्यांच्या कारखान्यात एकदा कंट्रोल पॅनलमधून जिवंत पाल काढली होती, ते सांगत राहिले. मशीनचं अक्षर काढलं नाही. शेवटी आईच म्हणाली, “तुमची केबल झाली होती का हो?”

“ऱ्हाऊ द्या वैनी. ते काय आता...”

“त्यांनी शब्द दिला होता तुम्हाला. मला म्हणाले होते जेवताना.”

“झाली असंल,” मगदूम चाचरत म्हणाले. “पन तपासल्याबिगर लावता यायची न्हाई ओ. एक तार इकडची तिकडं झाली तर आतलं कार्ड जळतंय. आणि तसलं कार्ड आता जर्मनीतबी मिळत न्हाई. मशीन भंगारात घालावं लागंल.”

ते बोलून गेले आणि लगेच वरमले. आई माझ्याकडे बघत होती.

“पद्मा तपासती,” ती म्हणाली. नेहमीसारखं माझ्या वतीनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि आई दुकानात गेलो. कुलूप मी काढलं. शटर वर गेलं तसा उजेड जमिनीवरून मागंपर्यंत सरकत गेला आणि त्यात ती केबल दिसली. आम्ही ठेवली होती तशीच, दारापासून ग्राइंडरपर्यंत सरळ. तिच्यावर धुळीचा पातळ थर होता. बल्ब स्टुलावर होता. भडंग खाताना हात पुसायला घेतलेलं फडकं स्कूटरच्या डिकीत राहिलं होतं, ते मी वाटेत पाहिलं होतं. इथं त्यांचा कामाचा चष्मा होता, सुटा, टेबलावर.

आई आत यायला बिचकत होती. ती इतकी वर्षं डबा दारातच द्यायची.

शेजारून दस्तगीरचाचा आले. हात पुसत उंबऱ्यावर उभे राहिले.

“मगदूमाची?” त्यांनी केबलकडं बघत विचारलं.

मी मान हलवली.

“दे, गुंडाळून टेबलावर घे. मी करतो, दोन मिनिटांचं काम.”

“गुं-गुंडाळलेली केबल ख-खोटं ब-बोलते,” मी म्हटलं.

“कोण म्हणलं?”

मी चष्म्याकडं पाहिलं.

चाचा हसले. मग हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. “अगं, केबल काय खोटं बोलणार पोरी? तांबं हाय ते. सगळं उद्यमनगर दोन टोकं एका टेबलावर घेऊनच तपासतंय. मीटर लावला की पीं वाजतंय, संपलं. तो बघ मीटर.”

टेबलाच्या वरच्या खिळ्यावर पिवळा मीटर टांगलेला होता. मी तो रोज पाहिला होता. मला वाटायचं, व्होल्टेज बघायला असेल.

“तुझे बाबा पण त्याच्यावरच करायचे,” चाचा म्हणाले, आवाज खाली आणून. “तू नसलीस की. माझ्या भिंतीतनं ऐकू यायचं, पीं पीं पीं पीं. दिवसाला चार-चार केबली. एक ठेवायचे बाजूला, संध्याकाळसाठी. तू यायच्या वेळेला मीटर खिळ्यावर आणि ते टॉर्चचं खेळणं बाहेर.”

मी मीटर काढून हातात घेतला. त्याच्या तारांचं वरचं लाल रबर बोटं लागून लागून गुळगुळीत झालं होतं. बटणावरची खूण पुसली होती.

आईनं हळूच टेबलाचा आधार घेतला. “मी भांडायचो त्यांच्याशी,” ती म्हणाली. “म्हटलं, पोरगी दिवसभर डोळे फोडून दमून येती, तिला रोज कशाला ओढताय दुकानात. तर म्हणायचे, काय करू, तिच्याबिगर होतच न्हाई.”

बाहेर कुणीतरी लोखंडाची पट्टी रस्त्यावर टाकली. तिचा आवाज बराच वेळ घुमत राहिला.

चाचांनी हात पुढं केला. “आण तो मीटर. करून टाकतो.”

मी मीटर पुन्हा खिळ्याला लावला. दाराशी जाऊन खाली बसले. बॅटरीची तार पुसली.

“तिकडं कोण धरणार मग?” चाचा म्हणाले.

“मी धरतो,” आई म्हणाली. पदर खोचून ती मागं गेली आणि स्टुलावर बसली. बल्ब हातात घेऊन तिनं तो उलटसुलट पाहिला. “काय करायचं सांग.”

मी सांगितलं. वेळ लागला. मी जे अक्षर म्हणीन त्याच अक्षराच्या पिनेला तार लाव. दिवा दिसला तर म्हण, लागला. दोनदा तिनं माझं वाक्य पुढं न्यायला तोंड उघडलं. चाचांनी तिच्याकडं पाहिलं असावं, कारण दोन्ही वेळा ती थांबली.

“ए,” मी म्हटलं.

आईनं आपल्या चष्म्यातून अक्षर शोधलं. तिथं तार टेकवली. “लागला,” ती म्हणाली. आणि मग स्वतःशीच, आश्चर्यानं, “लागला की.”

मग बी.

ओठ मिटले. मी वाट बघितली. आईला पुढचं अक्षर ठाऊक होतं, लहान पोरालाही ठाऊक असतं. तिनं ते म्हटलं असतं तर काम झालं असतं. तिचे ओठ हलले. मग तिनं खालचा ओठ दातांत धरला आणि बल्बकडे बघत बसली. दस्तगीरचाचा आपल्या दुकानात गेले. मशीन बंद झाल्याचा आवाज आला. एकदम सगळं शांत झालं.

“ब... ब... बी.”

“लागला,” आई म्हणाली.

सी. डीला पुन्हा थांबले. ई, एफ, जी, एच सरळ गेली. आय नाही. आईनं विचारलं, “आय कुठं गेला?” मी म्हटलं, “न-नसतो.” जे, के, एल, एम, एन. ओ नाही. पीला इतका वेळ लागला की आईनं मधे एकदा पदरानं डोळे पुसले आणि बल्ब दुसऱ्या हातात घेतला. पण ती बोलली नाही. क्यू नाही. आर, एस. टीला पुन्हा अडले. मग यू.

“व्ही,” मी म्हटलं.

“लागला.”

“झ-झाली.”

“सगळी बरोबर?”

मी मान हलवली. एकही तार परक्या घरी नव्हती. त्यांचं टोक आणि माझं टोक, दोन्ही एकाच बाजूनं पाहिलेली.

संध्याकाळी मगदूम यायचे होते. मी कनेक्टरांची टोपणं घट्ट केली आणि केबल गुंडाळायला घेतली, दाराकडून मागं, कोपर आणि अंगठा यांच्यात वळसे घेत. आई स्टुलावरच बसून होती. गुंडाळत मी ग्राइंडरपाशी पोहोचले, मग वेटोळं घेऊन टेबलापाशी आले. ते टेबलावर ठेवलं, त्यांच्या चष्म्याशेजारी. काम झालं की मी नेहमी जे करायची तेच हातानं आपोआप केलं. बोटाच्या पेरानं टेबलावर दोनदा टकटक.

आईनं वर पाहिलं. दारात परत येऊन उभ्या असलेल्या चाचांनीही पाहिलं.

मी टेबलावरचा हात काढून घेतला. ओठ मिटले. नेहमीची भिंत, नेहमीच्याच जागी. कुणी छताकडं पाहिलं नाही. कुणी माझ्यासाठी काही म्हटलं नाही. मला घाई नव्हती.

“ब...” मी म्हटलं. आणि पुन्हा, “ब...”

“बाबा,” मी म्हटलं. “झाली केबल.”